वीस मिनिटांनी रुसणारी त्राक्सियाँ: पंपावर ओलं फडकं टाकण्याआधी

लक्षणं आधी सांगते. तुमची गाडी अशीच वागत असेल तर पुढे वाचा.

थंड इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला धरतं. गावाबाहेर पडेपर्यंत तक्रार नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी, बहुधा चढावर, पहिला आचका येतो. मग दोन-तीन लागोपाठ. सायलेन्सरमधून एखादा बार उडतो आणि गाडी गप्प. बॉनेट उघडून वीस मिनिटं बसलं की मघाशी काही झालंच नव्हतं अशा थाटात सुरू होते. दुसऱ्या खेपेला मात्र दहा मिनिटांतच रुसते.

माझी गाडी 1953 ची सिट्रोएन त्राक्सियाँ आवाँ, 11 बीएल. चार सिलिंडर, 1911 सीसी, सोलेक्स कार्बोरेटर, 6 व्होल्टची बॅटरी, फुगीर डिकी, काळा रंग. मी फ्रान्समध्ये ग्रनोबलला राहते. इथून बूर द्वाझाँवरून लोतारेच्या खिंडीकडे रस्ता चढतो, खिंड 2058 मीटरवर आहे. त्या एका रस्त्यावर दोन उन्हाळ्यांत ही बाई सात वेळा बसली. खालचं बरंचसं याच गाडीला धरून लिहिलंय, पण पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), कंडेन्सर (त्या स्विचच्या जोडीचा विजेचा छोटा भाग) आणि कार्बोरेटरवर चालणारी कुठलीही जुनी गाडी, मग ती पद्मिनी असो की अँबेसेडर, याच पद्धतीने तपासता येईल.

फडक्याने केलेली दिशाभूल

बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती. एक्स्प्रेसवे व्हायच्या आधी, मे महिन्यात, बोरघाटात ती हमखास थांबायची, आणि थांबायची तीही शिंगरोबाच्या देवळाच्या आसपास. बाकीचे लोक चालत्या गाडीतून नाणं टाकून पुढे जायचे, आम्ही उतरून सावकाश नमस्कार करायचो. बाबा तोवर एसी पंपावर (इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर) ओलं फडकं गुंडाळायचे, वर बाटलीतलं पाणी ओतायचे आणि म्हणायचे, "पेट्रोलचा गॅस झालाय, बसा जरा." पंधरा मिनिटांनी गाडी चालू. देव पावला की फडकं पावलं, यावर घरात अजून एकमत नाही.

त्यामुळे आल्प्समध्ये पहिल्यांदा गाडी बसली तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही. फडकं ओलं केलं, पंपावर टाकलं, वीस मिनिटं समोरचे डोंगर पाहिले, स्टार्टर ओढला, गाडी सुरू. आणि घोटाळा झाला तो तिथेच. त्या वीस मिनिटांत पंप थंड होतो खरा, पण ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज तयार करणारी कॉइलही थंड होते, कंडेन्सरही थंड होतो, आणि टाकीत पोकळी तयार झाली असेल तर तीही हळूहळू भरून निघते. चार आरोपी एकाच वेळी सुटतात आणि श्रेय फडक्याला जातं.

मग मी व्हेपर लॉकच, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं, धरून बसले. पंपाला नवा डायफ्राम. कार्बोरेटरखाली बेकेलाइटची जाड चकती. पेट्रोलच्या नळीला उष्णता अडवणारं वेष्टन. शेवटी, चिडून, टाकीजवळ विजेवर चालणारा छोटा पंप. या शेवटच्या खर्चाने निदान एक गोष्ट शिकवली. सहाव्यांदा गाडी बसली तेव्हा मी तो पंप चालू केला. तो टकटक करत राहिला, मग त्याची टकटक मंदावली आणि जवळजवळ थांबली. म्हणजे कार्बोरेटरची वाटी भरलेली होती. पेट्रोल दारात उभं, तरी गाडी मेलेली.

समोरच्या इमारतीत एक निवृत्त मेकॅनिक राहतात, ऐंशीच्या घरातले. त्यांना सगळा खर्च सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मादाम, बंद पडल्यावर तुम्ही ठिणगी पाहिलीत का?" नव्हती पाहिली. सहा वेळा नव्हती पाहिली.

संशय पेट्रोलवरच का जातो

कारण या गाडीची मांडणीच तशी आहे. पुढून मागे जा: आधी रेडिएटर, मग गिअरबॉक्स, डिफरन्शियल, क्लच आणि सगळ्यात शेवटी इंजिन, जवळजवळ केबिनच्या भिंतीला टेकलेलं. पुढची चाकं ओढणारी गाडी करायची तर 1934 मध्ये हीच रचना सोयीची होती. इंजिनाचं वजन पुढच्या चाकांच्या मागे राहतं आणि बसायची जागा खाली, सपाट फरशीवर मिळते. पण रेडिएटरमधून आलेली गरम हवा गिअरबॉक्सवरून, इंजिनावरून वाहत शेवटी त्या भिंतीपाशी कोंडते. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच अंगाला, एकमेकांना जोडलेले, आणि कार्बोरेटर त्या चुलीच्या वर.

इथे थोडं विषयांतर करू द्या, कारण रस्त्याकडेला बसून या गाडीकडे पाहायला मला भरपूर वेळ मिळाला आहे. वेगळी चासी नाही, अंग हाच सांगाडा. पुढे-मागे टॉर्शन बार, म्हणजे पिळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या. हायड्रॉलिक ब्रेक. ओल्या लायनरचं (म्हणजे सिलिंडरच्या नळ्यांभोवती थेट पाणी फिरणारं) ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन. यातली एकेक गोष्ट इतरांनीही करून पाहिली होती, पण सगळ्या एकाच गाडीत आणि तीही सामान्य गिऱ्हाइकासाठी हजारोंनी बनवायची, ही 1934 मधली हिंमत आंद्रे सिट्रोएन यांची. यंत्राचा भाग आंद्रे लफेव्र यांचा आणि आकार फ्लामिनियो बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराचा. शिल्पकाराचा हात आहे हे पुढच्या मडगार्डवरून तळहात फिरवला की कळतं. या गाडीच्या खर्चाने कंपनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, मिशलँनी ती ताब्यात घेतली आणि जुलै 1935 मध्ये आंद्रे सिट्रोएन वारले. गाडी मात्र 1957 पर्यंत बनत राहिली, साडेसात लाखांहून अधिक. युद्धात ती गेस्टापोनेही वापरली आणि प्रतिकार करणाऱ्यांनीही. 1946 मध्ये पॅरिसच्या दरोडेखोरांच्या एका टोळीला लोकांनी या गाडीचंच नाव दिलं, कारण पळून जाताना तिच्यासारखी वळणं घेणारी दुसरी गाडी पोलिसांकडे तरी नव्हती.

आणि ते वळण! वळणात पाय उचलायचा नाही, हलका दाबून ठेवायचा. पुढची चाकं गाडीला वळणातून खेचून बाहेर काढतात आणि मागचा भाग मुकाट्याने मागे येतो. गिअरचा दांडा डॅशबोर्डमधून बाहेर आलेला, तीनच गिअर, त्यातला पहिला टाकायचा तर गाडी उभी हवी. त्राक्सियाँ म्हणजे ओढ. मराठीत त्या शब्दाला जो दुसरा अर्थ आहे तोही लागू पडतो, फक्त गाडी घाटात बंद पडलेली असताना तो आठवत नाही.

असो. आजचं पेट्रोल हेही संशयाचं खरं कारण आहे. फ्रान्समध्ये 2009 पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल 78 अंशांना उकळतं. शिवाय हिवाळ्यात विकलं जाणारं पेट्रोल मुद्दाम अधिक उडणारं बनवलेलं असतं. त्यामुळे खऱ्याखुऱ्या व्हेपर लॉकचा त्रास भर जुलैपेक्षा एप्रिलमधल्या एखाद्या अचानक तापलेल्या दिवशी जास्त होतो. टाकीत हिवाळ्याचं पेट्रोल, बाहेर ऊन. माझी गाडी जुलै-ऑगस्टमध्ये बसत होती, हा इशारा मी दोन वर्षं वाचलाच नाही.

बंद पडल्यावरची पहिली तीन मिनिटं

सगळं निदान या तीन मिनिटांत आहे. गाडी थंड झाल्यावर तपासलं तर सगळं ठीकच दिसणार. बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि लगेच चावी बंद करा. इंजिन बंद असताना पॉइंट मिटलेले राहिले आणि चावी चालू राहिली, तर कॉइलमधून सतत करंट वाहतो आणि आधीच तापलेली कॉइल आणखी तापते.

आधी ठिणगी, मग पेट्रोल. हा क्रम उलटा करू नका. आधी पेट्रोलची नळी सोडली, दोन थेंब गरम इंजिनावर सांडले आणि नंतर शेजारी ठिणगी पाडली, तर पुढचा लेख विमा कंपनीला लिहावा लागेल.

ठिणगीसाठी गाडीत एक जास्तीचा प्लग ठेवा. कॉइलची जाड मेन वायर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) झाकणातून काढून प्लगला लावा आणि प्लगचं अंग क्लिपच्या वायरने इंजिनाच्या स्वच्छ धातूला जोडा. हातात धरू नका. सोबत कोणी असेल तर स्टार्टर ओढायला सांगा. एकटे असाल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, पॉइंट मिटलेल्या जागी आणा, चावी चालू करा आणि स्क्रूड्रायव्हरने पॉइंट हळूच उघडा-मिटा. प्रत्येक उघडण्याला प्लगवर निळी, चटचट वाजणारी ठिणगी पडली पाहिजे. पिवळी, बारीक, मधूनच चुकणारी ठिणगी म्हणजे नापास. त्याच वेळी नजर पॉइंटवर ठेवा. तिथेच जर ठळक निळसर-पांढरी ठिणगी दिसत असेल तर प्लगला मिळायची ताकद पॉइंटवर जळतेय.

सातव्या वेळी मी हे केलं. प्लगवर मरतुकडी पिवळी रेघ, पॉइंटवर दिवाळी.

ठिणगी चोख असेल तर मग पेट्रोल. पहिलं काम, टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहा आणि हाताने थ्रॉटल उघडा. पिचकारी दिसली तर वाटीत पेट्रोल आहे. नुसता फुसका आवाज किंवा बुडबुडे आले तर आता पेट्रोलला दोष द्यायला हरकत नाही.

कंडेन्सर: दोन रुपयांची वस्तू, दोन उन्हाळे

पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला करंट एकदम तुटला तरच जोरदार ठिणगी तयार होते. तो तुटताना उघडणाऱ्या फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्या क्षणापुरता करंट आपल्या पोटात घेतो, म्हणून फट कोरडी राहते. आतला विजेचा रोधक थर जुना झाला की थंडीत तग धरतो आणि तापला की गळायला लागतो. म्हणजे दोष तापमानाने चालू-बंद होतो, अगदी व्हेपर लॉकसारखा. कॉइलचंही तसंच. आतल्या तारांचं वेष्टन गरम झाल्यावर फितूर होतं.

दोघांपैकी कोण, हे घरी कळतं. अंगणात गाडी आयडलवर ठेवा आणि केस वाळवायच्या यंत्राने आधी फक्त कॉइलला गरम हवा द्या, दहा मिनिटं. काही झालं नाही तर थांबा, गार होऊ द्या आणि मग डिस्ट्रिब्युटरला द्या, कंडेन्सर तिथेच असतो. माझ्या गाडीने कॉइलला दाद दिली नाही. डिस्ट्रिब्युटरला सहा मिनिटं हवा दिली आणि घाटातलाच आचका अंगणात आला. इतका आनंद मला गाडी सुरू झाल्यावरही कधी झाला नव्हता. मीटरने मोजायचं असेल तर कंडेन्सर साधारण 0.2 ते 0.3 मायक्रोफॅरडचा असतो, आणि 6 व्होल्टच्या कॉइलच्या प्राथमिक बाजूचा रोध एक-दीड ओहमच्या घरात. पण थंड असताना घेतलेल्या आकड्यावर विसंबू नका. थंड असताना माझा कंडेन्सरही पास होत होता.

नवा कंडेन्सर आणला. साडेतीन महिन्यांनी तोही गेला. मग एका जत्रेतून जुन्या साठ्यातला, न वापरलेला, मूळ डबीतला घेतला. "अस्सल माल" म्हणून भाव जास्त, पण तो पहिल्या आठवड्यातच गळू लागला. आत कागदाचा थर असतो आणि कागद वापरला नाही तरी म्हातारा होतोच. आता मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला 0.22 मायक्रोफॅरड, 630 व्होल्टचा प्लास्टिक फिल्मचा कपॅसिटर वापरते, डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर, लहानशा डबीत, छोट्या वायरने. डबीचं अंग इंजिनाला पक्कं अर्थ झालेलं हवं. शुद्धतावादी नाकं मुरडतात. मुरडोत, ते घाटात माझ्यासोबत बसायला येत नाहीत. सोबत पॉइंट नवे टाकले आणि फट 0.4 मिलिमीटर ठेवली, कारण गळक्या कंडेन्सरने जुन्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे टेकडी केली होती.

रस्त्यात अडकलात तर जास्तीचा कंडेन्सर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि अर्थला क्लिपने जोडता येतो. फक्त लक्षात ठेवा, जुना आतून गळत असेल तर आधी त्याची वायर सोडावी लागते, नाहीतर नव्याचा काही उपयोग होत नाही.

आणि तरीही एकदा बसली

हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिते. नव्या कपॅसिटरनंतर महिन्याभराने, त्याच रस्त्यावरच्या ला ग्राव्ह गावाच्या अलीकडे, गाडी पुन्हा बसली. ठिणगी पाहिली: निळी, खणखणीत. टाकीचं झाकण उघडलं आणि प्रेशर कुकरची शिट्टी उलटी वाजावी तसा हवा आत खेचल्याचा लांब सुस्कारा आला. थ्रॉटलला पिचकारी नाही.

आधीच्या मालकाने झाकण बदललं होतं आणि त्या झाकणाला श्वास घ्यायची वाटच नव्हती. पेट्रोल जातंय, जागी हवा येत नाही, पोकळी वाढते आणि पंप तिच्याविरुद्ध ओढून ओढून दमतो. टाकी मागे आहे, म्हणजे आधीच गाडीभर लांबीची ओढ. यालाही वीस-तीस मिनिटं लागतात, थांबलं की हवा झिरपून हाही "बरा" होतो. भरलेल्या टाकीत हे लवकर होतं, अर्ध्या टाकीत उशिरा, कारण मोकळी जागा कमी असेल तर पोकळी लवकर तयार होते. पेट्रोल भरून निघालो की नेमकी गाडी बसते, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी हे झाकण पाहावं. माझा इलाज: झाकणाला दीड मिलिमीटरचं भोक. खर्च शून्य.

खरा व्हेपर लॉक कसा ओळखायचा

तो अनेकदा चालताना नाही, थांबल्यावर होतो. पेट्रोल भरायला पाच मिनिटं इंजिन बंद केलं, पाण्याचं आणि हवेचं वाहणं थांबलं, इंजिनाची साठलेली उष्णता वर चढली, वाटीतलं पेट्रोल उकळून इनटेकमध्ये सांडलं. पेट्रोलचा वास येतो आणि गाडी धरत नाही. चोक ओढू नका. पाय पूर्ण दाबून स्थिर ठेवा, पंप करू नका, आणि स्टार्टर ओढा. जास्तीचं पेट्रोल बाहेर पडेपर्यंत दोन-तीन फेऱ्या भकभक करते, मग धरते.

इथे बेकेलाइटची चकती कामाला येते, तेव्हा तो खर्च अगदीच वाया गेला नाही. विजेचा पंपही टाकीजवळ बसवला तरच अर्थ आहे. नळीत ओढ निर्माण केली की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं, ढकललं की जास्त तापमानाला. दाब 0.2 बारच्या आसपासच ठेवा, नाहीतर सोलेक्सची सुई हार मानते. आणि इंजिन बंद पडल्यावर हा पंप आपोआप थांबेल अशी सोय हवीच. एक्झॉस्टच्या वर लोंबकळणारा काचेचा शोभिवंत फिल्टर कुणी बसवला असेल तर तो आजच काढा.

गरम असताना स्टार्टर कण्हत असेल

तर तो पेट्रोलचाही दोष नाही आणि ठिणगीचाही नाही. 6 व्होल्टवर तेवढ्याच ताकदीसाठी दुप्पट करंट लागतो आणि व्होल्टेज मुळात निम्मं, म्हणून त्याच वायरमध्ये होणारा तोटा प्रमाणात चौपट पडतो. बारा व्होल्टच्या गाडीची बॅटरीची वायर इथे चालत नाही. ती दिसायला तशीच असते आणि विकणाराही तेच सांगतो. जाड तांब्याची घ्या, इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची पट्टी नवी टाका, टोकं घासा. माझ्याकडे एवढ्यानेच फरक पडला. अगदी अडलं तर इंजिन हाताने फिरवायचं हँडल पुढे आहेच. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलभोवती गुंडाळायचा नाही.

पाण्याबद्दल थोडंच. रेडिएटरमधून खरंच वाफ येत असेल तर तुमचा विषय वेगळा आहे. ओल्या लायनरभोवती, ब्लॉकच्या तळाशी, वर्षानुवर्षांचा गाळ बसतो आणि नुसतं पाणी बदलून तो निघत नाही. माझ्या रेडिएटरला दाबाचं झाकण नाही, आणि 2000 मीटरवर पाणी 93 अंशांनाच उकळतं, म्हणून खिंडीच्या जवळ थोडी कुरकुर मी मान्य करते.

बाबांना फोनवर हे सगळं सविस्तर सांगितलं, कंडेन्सर, झाकण, केस वाळवायचं यंत्र. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे गं, पण फडकं ठेवलंयस ना गाडीत?" ठेवलंय. ऑइल पाहताना डिपस्टिक पुसायला लागतं.

यंदा लोतारेला दोनदा जाऊन आले, मध्ये न थांबता. दुसऱ्यांदा उतरताना, डावीकडे पूर्ण वळवल्यावर पुढच्या चाकाकडून टक-टक-टक असा आवाज आला. ड्राइव्ह शाफ्टचा सांधा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हे कधीतरी यायचंच होतं. ग्रीसगन आणली आहे, पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार) उसना मागितला आहे, उघडलं की लिहीन.